मुलींच्या हाती लॅक्रॉसची काठी कशी आली? जाणून घ्या लुईसा लम्सडेन यांच्याविषयी

ओतूरसारख्या गावात मुलींचे मैदानी खेळ म्हटले की कबड्डी, खो-खो आठवतात. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये मात्र महिलांचा एक वेगळा खेळ पाहायला मिळणार आहे, तो म्हणजे लॅक्रॉस. हा खेळ मुलींच्या शाळेत आला तो एका स्कॉटिश शिक्षिकेमुळे.

कोण होत्या लम्सडेन?

लुईसा लम्सडेन यांचा जन्म १८४० मध्ये ॲबर्डीन येथे झाला. १८६९ मध्ये हिचिन येथे महिलांसाठी कॉलेज सुरू झाले. तेच पुढे केंब्रिजचे गर्टन कॉलेज झाले. त्याच्या पहिल्या पाच विद्यार्थिनींपैकी त्या एक. १८७३ मध्ये त्यांनी केंब्रिजची ग्रीक-लॅटिनची परीक्षा दिली, पण स्त्री असल्याने पदवी मिळाली नाही. केंब्रिजने महिलांना पूर्ण पदवीचा हक्क दिला तो थेट १९४८ मध्ये.

१८७७ मध्ये सेंट अँड्रूज येथील मुलींच्या नव्या शाळेच्या त्या पहिल्या मुख्याध्यापिका झाल्या. धावपळ मुलींना झेपत नाही, असे तेव्हा अनेक डॉक्टरही मानत. ही सेंट लेनर्ड्स शाळा मात्र अभ्यासाइतकेच मैदानालाही महत्त्व देत होती.

लॅक्रॉस कुठे दिसला?

लम्सडेन यांनी १८८२ मध्ये पद सोडले. १८८४ मध्ये त्यांनी माँट्रियलला मूलनिवासी खेळाडूंचा सामना पाहिला आणि हा खेळ शाळेला सुचवला. मार्च १८९० मध्ये तिथे मुलींचा पहिला सामना झाला.

खेळतात कसा?

- काठीच्या टोकाला जाळी असते. टेनिसच्या चेंडूपेक्षा किंचित लहान रबरी चेंडू जाळीत झेलायचा, धावत न्यायचा, सहकाऱ्याकडे फेकायचा किंवा गोल करायचा.
- चेंडूला हात लावण्याची मुभा फक्त गोलरक्षकाला, तीही गोलभोवतीच्या वर्तुळातच.
- महिलांच्या खेळात अंगाने धडक देता येत नाही. त्यामुळे वेग आणि अचूक फेक महत्त्वाची.
- ऑलिम्पिकमध्ये प्रत्येक संघात सहा खेळाडू, आठ मिनिटांचे चार डाव.

पुढे काय झाले?

याच शाळेच्या माजी विद्यार्थिनी रोझाबेल सिंक्लेअर यांनी १९२६ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोरच्या शाळेत मुलींचा संघ उभा केला. लम्सडेन महिलांच्या मताधिकारासाठीही झटल्या. १९२५ मध्ये त्यांना ‘डेम’ हा किताब मिळाला. १९३५ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांना स्वतःला केंब्रिजची पदवी मिळाली नाही, पण त्यांनी मुलींना मैदान मिळवून दिले.