विष्णुपंत गोविंद दामले

विष्णुपंत गोविंद दामले (१४ ऑक्टोबर १८९२, पेण, रायगड जिल्हा – ५ जुलै १९४५, पुणे) हे मराठी चित्रपटदिग्दर्शक, ध्वनिमुद्रक व निर्माते होते. प्रभात फिल्म कंपनीच्या पाच संस्थापकांपैकी ते एक होत. शेख फत्तेलाल यांच्यासमवेत त्यांनी दिग्दर्शित केलेल्या 'संत तुकाराम' (१९३६) या चित्रपटाचा व्हेनिस येथील चित्रपट महोत्सवात गौरव झाला. चित्रपटसृष्टीत ते 'दामलेमामा' व फत्तेलाल 'साहेबमामा' या नावांनी ओळखले जात. यंत्रविद्येचे कोणतेही औपचारिक शिक्षण न घेता त्यांनी आधी कॅमेरा आणि पुढे ध्वनिमुद्रणाचे यंत्र आत्मसात केले. त्यामुळे मराठी बोलपटाच्या पहिल्या पिढीतील स्वयंशिक्षित तंत्रज्ञ म्हणूनही त्यांचे स्थान महत्त्वाचे आहे.

पडद्यापासून कॅमेऱ्यापर्यंत

दामले कोल्हापुरात आनंदराव पेंटर व बाबूराव पेंटर या बंधूंच्या सहवासात आले. हे दोघे नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविण्यासाठी प्रसिद्ध होते. त्यांच्या कार्यशाळेत चित्रकला, सुतारकाम आणि यंत्रांची जुळणी ही कामे एकाच छपराखाली चालत. दामले यांची घडण याच वातावरणात झाली. फत्तेलाल यांच्याशी त्यांचा आयुष्यभराचा स्नेह जुळला तोही येथेच.

दादासाहेब फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) या चित्रपटानंतर पेंटर बंधूंनी चित्रपट काढण्याचा ध्यास घेतला. त्यासाठी लागणारा कॅमेरा परदेशातून मागविणे त्यांच्या आवाक्याबाहेर होते. म्हणून त्यांनी तो स्वतःच तयार करण्याचे ठरविले. हे काम चालू असतानाच १९१६ मध्ये आनंदराव निवर्तले. पुढे बाबूरावांनी ते तडीस नेले व त्यात दामले यांनी त्यांना मोलाचे साहाय्य केले. १९१८ मध्ये हा कॅमेरा पूर्ण झाला. चित्रपटाची फीत एका चौकटीइतकी पुढे सरकून क्षणभर स्थिर व्हावी, तेवढ्यात प्रकाशाचे दार उघडून मिटावे आणि मग फीत पुन्हा सरकावी, ही क्रिया दर सेकंदाला अनेकदा बिनचूक घडली पाहिजे. दाते किंचित चुकले तरी चित्र थरथरते. अशा यंत्राची जुळणी हाताने करताना मिळालेला अनुभव हेच दामले यांचे यंत्रशिक्षण ठरले.

महाराष्ट्र फिल्म कंपनी

बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात स्थापन केलेल्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दामले यांनी सुमारे दशकभर काम केले. कंपनीचा 'सैरंध्री' हा मूकपट ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. 'सिंहगड' (१९२३) व 'सावकारी पाश' (१९२५) हे कंपनीचे अन्य गाजलेले मूकपट होत. १९२८ मध्ये दामले व फत्तेलाल यांनी 'महारथी कर्ण' या मूकपटाचे दिग्दर्शन केले. दिग्दर्शकद्वय म्हणून त्यांची वाटचाल येथून सुरू झाली.

प्रभात फिल्म कंपनीची स्थापना

१९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम व केशवराव धायबर हे चौघे महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडले. ज्या गुरूने हाताला वळण लावले त्याची संस्था सोडण्याचा हा निर्णय होता. महाराष्ट्र फिल्म कंपनीला या जाण्याचा मोठा फटका बसला व पुढे तिची कारकीर्द फार काळ टिकली नाही. कोल्हापूरचे व्यावसायिक सीताराम कुलकर्णी यांनी नव्या संस्थेस भांडवल पुरविले आणि १ जून १९२९ रोजी पाच भागीदारांची प्रभात फिल्म कंपनी अस्तित्वात आली. 'गोपाळकृष्ण' (१९२९), 'उदयकाल' (१९३०) व 'चंद्रसेना' (१९३१) हे प्रभातच्या मूकपटांपैकी होत.

बोलपट आणि ध्वनिमुद्रण

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईत 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट झळकला आणि मूकपटांचे दिवस संपत आले. प्रभातमध्ये बोलपटाच्या भवितव्याविषयी सुरुवातीस साशंकता होती. मात्र प्रेक्षकांचा कल स्पष्ट होताच कंपनीने परदेशी बनावटीची ध्वनियंत्रणा घेतली व तिची जबाबदारी दामले यांच्याकडे आली. त्या वेळी ते चाळिशीच्या उंबरठ्यावर होते. कुंचला व कॅमेरा हाताळणाऱ्या या कलावंताला विजेचा एक सर्वस्वी नवा विषय शिकावा लागला. हे शिकविणारी संस्था तेव्हा महाराष्ट्रात नव्हती. काम करता करताच शिकणे एवढाच मार्ग होता.

त्या काळी ध्वनी चुंबकीय फितीवर नव्हे, तर चित्रपटाच्या फितीवर प्रकाशाने नोंदविला जाई. मायक्रोफोन आवाजाच्या कंपनांचे विजेच्या क्षीण प्रवाहात रूपांतर करी, निर्वात नळ्यांचा वर्धक तो प्रवाह वाढवी आणि त्यानुसार कमी-अधिक होणारी प्रकाशाची तिरीप धावत्या फितीवर उमटे. चित्रपटगृहात याच्या नेमकी उलट क्रिया होऊन पुन्हा आवाज निर्माण होई. मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरविला तरी चाले. बोलपटात मात्र फीत सेकंदाला २४ चौकटी या एकाच गतीने धावणे बंधनकारक झाले, कारण गती बदलली की स्वरही बदलतो. आवाज क्षीण मुद्रित झाल्यास तो फितीच्या खरखरीत बुडून जाई. प्रमाणाबाहेर वाढविल्यास फाटे. फीत रसायनात धुऊन होईपर्यंत चूक कानावर येत नसे. त्यामुळे ध्वनिमुद्रकाला चित्रीकरण चालू असतानाच केवळ कान व मापकाचा काटा यांच्या भरवशावर निर्णय घ्यावा लागे.

आरंभीच्या बोलपटांत पार्श्वगायनाची सोय नव्हती. नट चित्रीकरणाच्या वेळीच गात असे व वादक कॅमेऱ्याच्या नजरेआड बसत. आज अनेक ध्वनिपट्ट्या स्वतंत्र घेऊन त्यांचे मिश्रण नंतर करता येते. तेव्हा हे मिश्रण बव्हंशी प्रत्यक्ष जागेवरच साधावे लागे. तबला मागे सरकविणे, गायकाला मायक्रोफोनच्या जवळ आणणे, भिंतींचा प्रतिध्वनी दाबण्यासाठी जाड कापड टांगणे, कॅमेऱ्याची घरघर झाकणे या त्या काळातील सर्वसाधारण युक्त्या होत्या.

प्रभातचा पहिला बोलपट 'अयोध्येचा राजा' १९३२ मध्ये मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला. शांताराम यांनी दिग्दर्शित केलेल्या या बोलपटात गोविंदराव टेंबे व दुर्गा खोटे यांच्या प्रमुख भूमिका होत्या. ध्वनिमुद्रण दामले यांचे होते. दोन्ही आवृत्त्यांसाठी प्रसंग वेगवेगळे चित्रित करावे लागत असल्याने ध्वनिमुद्रणाचे कामही दुप्पट झाले. संवाद व गाणी स्पष्ट ऐकू येणे ही प्रभातच्या बोलपटांची ओळख पुढील काही वर्षांत पक्की होत गेली. १९३३ मध्ये कंपनी पुण्यास स्थलांतरित झाली.

संत तुकाराम

बोलपटांच्या काळात दामले व फत्तेलाल यांनी 'संत तुकाराम'द्वारे एकत्रित दिग्दर्शनाकडे पुन्हा लक्ष वळविले. शिवराम वाशीकर यांची कथा, केशवराव भोळे यांचे संगीत, तुकारामांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस व जिजाईच्या भूमिकेत गौरी अशी या चित्रपटाची योजना होती. पागनीसांनी आपली गाणी स्वतः गायिली. शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी लिहिलेली एक रचना इतकी एकजीव झाली, की अनेकांना ती तुकोबांचाच अभंग वाटली.

१२ डिसेंबर १९३६ रोजी प्रदर्शित झालेला हा चित्रपट मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात ५७ आठवडे चालला. १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात निवडल्या गेलेल्या उत्तम चित्रपटांत त्याची गणना झाली. वैकुंठगमनासारखे चमत्कार दाखवितानाही दिग्दर्शकांनी संताच्या संसारातील दारिद्र्य व जिजाईचा त्रागा यांना तितकेच महत्त्व दिले. चित्रपटातील अभंग कथेला थांबवीत नाहीत; ते पात्रांच्या बोलण्यातूनच सहज उमलतात. दिग्दर्शकांपैकी एकाची जाण ध्वनिमुद्रकाची असल्याचा प्रत्यय येथे येतो.

उत्तरकाल व निधन

यानंतर या जोडीने 'गोपाळकृष्ण' (१९३८) हा बोलपट दिग्दर्शित केला. त्यात राम मराठे व शांता आपटे यांनी भूमिका केल्या. 'संत ज्ञानेश्वर' (१९४०) मध्ये शाहू मोडक ज्ञानेश्वरांच्या भूमिकेत होते. चालणारी भिंत व रेड्यामुखी वेद हे प्रसंग चित्र आणि ध्वनी या दोन्ही तंत्रांची कसोटी पाहणारे होते. 'संत सखू' (१९४१) च्या दिग्दर्शनात राजा नेने त्यांच्यासोबत होते.

१९४२ मध्ये शांताराम प्रभातमधून बाहेर पडले. संस्थेचा पुढचा काळ अडचणींचा ठरला. ५ जुलै १९४५ रोजी पुण्यात दामले यांचे निधन झाले. त्यानंतर काही वर्षांतच प्रभातची चित्रपटनिर्मिती थांबली.

वारसा

प्रभातच्या पुण्यातील जागेवर १९६० मध्ये भारत सरकारची चित्रपट प्रशिक्षण संस्था सुरू झाली. ध्वनिमुद्रण हा तेथील शिक्षणाचा एक स्वतंत्र विषय आहे. जी विद्या दामले यांना कोणी शिकविली नाही, ती त्यांच्याच स्टुडिओच्या आवारात शिकविली जाते. दिग्दर्शक म्हणून 'संत तुकाराम'मुळे त्यांचे नाव अबाधित राहिले. ध्वनिमुद्रकाचे काम मात्र पडद्यावर दिसत नाही आणि चांगले झाले असता जाणवतही नाही. त्यामुळे त्यांच्या कार्याची ही बाजू तुलनेने उपेक्षित राहिली.

दिग्दर्शित चित्रपट

महारथी कर्ण (मूकपट, १९२८)
संत तुकाराम (१९३६)
गोपाळकृष्ण (१९३८)
संत ज्ञानेश्वर (१९४०)
संत सखू (१९४१)