कलामहर्षी बाबूराव पेंटर आणि फिल्मचा हिशेब

करवीरनगरीने महाराष्ट्रास जे थोर कलावंत दिले, त्यांत बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचे स्थान फार वरचे आहे. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविण्याच्या व्यवसायामुळे 'पेंटर' हेच त्यांचे नाव रूढ झाले व पुढे लोकांनी त्यांस कलामहर्षी ही पदवी बहाल केली. त्यांचा जन्म कोल्हापुरात ३ जून १८९० रोजी झाला. चित्रकला व शिल्पकला त्यांनी स्वतःच्या परिश्रमाने साध्य केल्या. कोणत्याही कलाशाळेची पायरी ते चढले नाहीत.

दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली लंडनला जाऊन कॅमेरा खरेदी केला व १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट लोकांपुढे आणला. तो पाहून बाबूराव व त्यांचे बंधू आनंदराव यांच्या मनाने नवीनच ध्यास घेतला. विलायतेस जाण्याइतके द्रव्य जवळ नव्हते. त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून एक प्रोजेक्टर आणला आणि चित्रपट दाखविता दाखविता त्या तंत्राचा अभ्यास आरंभिला. कॅमेऱ्याची जुळणी चालू असतानाच १९१६ साली आनंदराव निवर्तले. हा आघात सोसून बाबूरावांनी शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने ते काम पुढे नेले व १९१८ साली स्वदेशी कॅमेरा सिद्ध केला. गायिका तानीबाई कागलकर यांचे द्रव्यसाहाय्य मिळून महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली.

आता, विद्यार्थी मित्रहो, खर्चाचा विचार करू. कॅमेऱ्याची किंमत बाबूरावांनी बुद्धीने व हातांनी वाचविली. परंतु कॅमेरा चालविण्याचा खर्च कसा वाचणार? कोरी फिल्म परदेशाहूनच येई व तिच्या लेपात चांदीचे क्षार असत. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चित्रे मावतात. मूकपटाच्या काळी सेकंदास सुमारे १६ चित्रे घेत, म्हणजे दर सेकंदास एक फूट फिल्म खर्ची पडे. एका तासाच्या चित्रपटास ३,६०० फूट लागत. प्रत्येक प्रसंग दोनदा घेतला तर मूळ फिल्म ७,२०० फूट, आणि चित्रपटगृहात पाठवावयाच्या प्रत्येक प्रतीस आणखी ३,६०० फूट! शिवाय धुलाईची रसायने निराळीच. एकदा प्रकाश लागलेली फिल्म पुन्हा कोरी होत नाही. नटाचे पाऊल चुकले की तितके फूट गेलेच म्हणून समजावे.

बाबूरावांची कामाची रीत या हिशेबास फार अनुकूल होती. चित्रण सुरू होण्यापूर्वी ते पात्रांचा वेष, त्यांची ठेवण व हालचाली यांची रेखाचित्रे काढीत. कागदावरील चूक रबराने पुसता येई, फिल्मवरील नाही. अशा सिद्धतेने केलेला 'सैरंध्री' १९२० साली पुण्यास झळकला व लोकमान्य टिळकांनी त्यांचा गौरव केला. १९२३ सालच्या 'सिंहगड' चित्रपटात रात्रीचे प्रसंग विजेच्या प्रकाशात घेण्याचे धाडस त्यांनी केले. १९२५ सालच्या 'सावकारी पाश' मध्ये कर्जापायी भूमीस मुकलेल्या शेतकऱ्याची व्यथा त्यांनी रंगविली. जाणत्यांनी त्याची वाखाणणी केली. पण पौराणिक कथांना सरावलेल्या प्रेक्षकांनी पाठ फिरविली. फिल्मचा खर्च यशापयश पाहून कमीअधिक होत नाही. १९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम व धायबर हे सहकारी बाहेर पडले व त्यांनी प्रभात कंपनी स्थापिली. महाराष्ट्र फिल्म कंपनी त्यानंतर फार काळ टिकली नाही. बाबूरावांनी मात्र काम सोडले नाही. १९३६ साली 'सावकारी पाश' त्यांनी बोलपट म्हणून पुन्हा काढला. १६ जानेवारी १९५४ रोजी त्यांचे देहावसान झाले.

आज डिजिटल कॅमेऱ्याने हा हिशेब उलटा केला आहे. फिल्मच्या कॅमेऱ्यात यंत्राचा खर्च एकदाच, पण पुढे प्रत्येक चित्रास पैसा. ३६ चित्रांचा रोल घेऊन तो जपून वापरणे, धुवून घेणे व छापून घेणे अनेक पालकांस आठवत असेल. डिजिटल कॅमेऱ्यात मेमरी कार्ड पुसून पुन्हा वापरता येते, म्हणून हजारावे चित्रही जवळजवळ फुकट पडते. ज्यास पुष्कळ चित्रे घ्यावयाची आहेत, त्यास डिजिटल निःसंशय स्वस्त. वर्षास एखादाच रोल वापरणाऱ्यास घरचा जुना कॅमेराही परवडेल. तथापि डिजिटल अगदीच बिनखर्ची आहे असे मानू नये. यंत्र लवकर जुने होते, बॅटरी बदलावी लागते, आणि चित्रे टिकावयाची तर काही वर्षांनी ती नव्या साठवणीत उतरवून ठेवावी लागतात.

जतनाचा हा खर्च फिल्मलाही चुकला नव्हता. त्या काळची नायट्रेट फिल्म ज्वालाग्राही व नाशवंत होती. चित्रपट जपणारे राष्ट्रीय संग्रहालय पुण्यास १९६४ साली स्थापन झाले. तोपर्यंत फार उशीर झाला होता. फुटाफुटाने पैसा मोजून बाबूरावांनी घेतलेल्या मूकपटांपैकी बहुतेक आज आपणांस पाहावयास मिळत नाहीत. 'सैरंध्री' ही त्यांतच गेली.

म्हणून ज्यांच्या हाती आज फुकटचे चित्र आले आहे, त्यांनी दोन गोष्टी बाबूरावांच्या चरित्रातून घ्याव्यात. कळ दाबण्यापूर्वी क्षणभर विचार करावा, आणि घेतलेल्यांपैकी जी दहा चित्रे खरोखर मोलाची वाटतात, ती निवडून कागदावर छापून घरात नीट ठेवावीत. आजीआजोबांचा चेहरा पुढच्या पिढीस दिसावा, एवढ्यासाठी तो अल्पसा खर्च कोणत्याही कुटुंबास जड वाटू नये.