महाराजा सयाजीराव गायकवाड : गावोगाव वाचनालय नेणारा राजा



दरवर्षी १५ ऑक्टोबरला आपण शाळेत वाचन प्रेरणा दिन साजरा करतो. मुलं दप्तर बाजूला ठेवतात, गोष्टीची पुस्तकं उघडतात, सगळी शाळा एकाच वेळी वाचत बसते. दृश्य छानच असतं. पण १६ ऑक्टोबरला ती पुस्तकं कुठे जातात? आणि शाळा सोडल्यानंतर त्या मुलाच्या हाती पुन्हा पुस्तक पडतं का? शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हाच प्रश्न एका राजाने गांभीर्याने घेतला. म्हणून आज बडोद्याचे महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या आयुष्याकडे ग्रंथालयाच्या बाजूने पाहूया.

कवळाण्याचा गोपाळ

सयाजीरावांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातील कवळाणे या गावी झाला. मूळ नाव गोपाळराव. वडील काशीराव हे गायकवाड घराण्याच्या दूरच्या शाखेतले, पण घर शेतकऱ्याचं. १८७५ मध्ये इंग्रज सरकारने मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केलं. तेव्हा खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाई यांनी घराण्यातल्या मुलांमधून वारस निवडायचं ठरवलं. काशीरावांची तीन मुलं बडोद्याला गेली आणि त्यातून गोपाळची निवड झाली. वय अवघं बारा वर्षांचं.

शिक्षकांनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट पुढेच आहे. या बारा वर्षांच्या मुलाला तोवर धड लिहिता-वाचता येत नव्हतं. आपल्याकडे एखादं मूल सहावीत येऊनही अक्षरं गिरवत असेल तर आपण किती पटकन त्याच्यावर शिक्का मारतो! इथे मात्र एलियट नावाचे गुरू नेमले गेले, दिवसाचं काटेकोर वेळापत्रक ठरलं, आणि मराठी, गुजराती, इंग्रजी, उर्दू असा अभ्यास सुरू झाला. दिवाण सर टी. माधवराव यांनी त्यांना राज्यकारभाराचे धडे दिले. २८ डिसेंबर १८८१ रोजी त्यांच्या हाती पूर्ण अधिकार आले. उशिरा वाचायला शिकलेला हा माणूस पुढे आयुष्यभर वाचत राहिला.

शाळा झाली, पुढे काय?

१८९३ मध्ये सयाजीरावांनी अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला. १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानाला लागू झाला. मुलग्यांसाठी आणि मुलींसाठीही शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं. नामदार गोखल्यांनी १९११ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानासाठी शिक्षणाचं विधेयक मांडलं, तेव्हा त्यांच्यासमोर बडोद्याचं उदाहरण होतं.

पण एक अडचण राहिलीच. मूल चार-पाच इयत्ता शिकतं, मग शेतात किंवा धंद्यात जातं. घरात पुस्तक नाही, गावात वर्तमानपत्र येत नाही. काही वर्षांत शिकलेली अक्षरं पुसट होतात. म्हणजे शाळेवरचा खर्च आणि शिक्षकाची मेहनत दोन्ही वाया. त्यामुळे शाळेच्या पाठोपाठ गावात वाचनालय हवं, हे उघड होतं.

महाराज १९०६ मध्ये अमेरिकेत गेले होते. तिथली सार्वजनिक ग्रंथालयं त्यांनी पाहिली. कोणीही यावं, पुस्तक घ्यावं, घरी न्यावं, ही पद्धत त्यांना भावली. १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अनुभवी अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला बोलावलं. बॉर्डन १९१३ पर्यंत राहिले आणि तेवढ्या काळात त्यांनी सगळी घडी बसवली. १९११ मध्ये ग्रंथपालांसाठी प्रशिक्षण वर्ग निघाला. हिंदुस्थानातला हा अशा प्रकारचा पहिला वर्ग मानला जातो. महाराजांनी राजवाड्यातला आपला सुमारे वीस हजार पुस्तकांचा संग्रह दिला आणि त्यातून बडोद्याचं मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं. तिथे स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी वेगळी सोय होती.

एक तृतीयांश गावाचा

या योजनेतली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट म्हणजे पैशांचा नियम. वाचनालय हवं असेल तर गावाने आधी आपला वाटा जमवायचा. मग तेवढीच रक्कम प्रांत पंचायत देई आणि तेवढीच सरकार देई. गावाने शंभर रुपये जमवले की शंभराचे तीनशे होत. राजाला सगळं फुकट देणं अशक्य नव्हतं. पण ज्या वाचनालयासाठी आपण घरटी पैसे दिले, त्याचं दार बंद पडलं तर गाव विचारणारच. फुकट मिळालेल्या कपाटाला कुलूप लागलेलं आपण बऱ्याच ठिकाणी पाहतो, म्हणून हा नियम मला फार मोलाचा वाटतो.

ज्या गावाला एवढंही जमत नसे, तिथे फिरतं ग्रंथालय जाई. लाकडी पेटीत निवडक पुस्तकं भरून ती गावाकडे पाठवायची. वाचून झाली की पेटी परत, आणि नवी रवाना. ने-आणीचा खर्च सरकारचा. ज्यांना वाचताच येत नाही त्यांचं काय? त्यांच्यासाठी जादूचा कंदील, चित्रं आणि सिनेमा दाखवणारा वेगळा विभाग होता. सारं गाव एकत्र बसून पाही आणि ऐके.

या कामात महाराजांना एका शिक्षकाची मोठी साथ मिळाली, ती मोतीभाई अमीन यांची. बॉर्डन येण्याआधीच, १९०६ च्या सुमारास त्यांनी मित्रमंडळांच्या मार्फत गावोगाव वाचनालयं काढायला सुरुवात केली होती. महाराजांनी त्यांना सरकारी योजनेत सामील करून घेतलं. वरून हुकूम आणि खालून माणूस, दोन्ही जुळलं म्हणून चळवळ शेकडो गावांत रुजली.

वाचनालय काढलं तर लोकांच्या भाषेत पुस्तकंही हवीत. त्यासाठी महाराजांनी दोन लाख रुपयांचा निधी बाजूला काढला आणि त्यातून मराठी व गुजराती ग्रंथमाला निघाल्या. मुलांसाठी सयाजी बालज्ञानमाला निघाली.

जे पुस्तकाने लगेच बदललं नाही

चरित्र सांगताना फक्त गोड बाजू सांगू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकले. १९१७ मध्ये संस्थानच्या नोकरीसाठी बडोद्यात आले, तेव्हा एवढ्या विद्वान माणसाला शहरात राहायला कोणी जागा देईना. पारशी धर्मशाळेतून त्यांना हाकललं गेलं आणि शेवटी त्यांनी बडोदा सोडलं. शाळा होत्या, ग्रंथालयं होती, राजा पुरोगामी होता, तरीही. वाचनालयाचं दार उघडणं हुकमाने होतं. मनाचं दार उघडायला पिढ्या लागतात. मुलांना सयाजीराव शिकवताना हा प्रसंग गाळू नका. मोठी मुलं यावर फार चांगली चर्चा करतात.

१९३२ मध्ये कोल्हापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे सयाजीराव अध्यक्ष होते. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. बाराव्या वर्षापर्यंत ज्याला धड वाचता येत नव्हतं, त्या कवळाण्याच्या मुलाने मागे गावोगावची वाचनालयं ठेवली.

आपण काय करू शकतो?

एक लाकडी पेटी किंवा साधा पत्र्याचा डबा घ्या. पालकांकडून घरटी एक पुस्तक जमवा, तेवढीच पुस्तकं ग्रामपंचायतीकडून आणि तेवढीच शाळेकडून मागा. पेटी दर महिन्याला एका वस्तीवर जाऊ द्या. ज्या घरात आजी-आजोबांना वाचता येत नाही, तिथे मुलांनी मोठ्याने वाचून दाखवावं. आणि पेटी कुठे आहे, कोणी काय वाचलं याची नोंदवही मुलांच्याच हातात द्या. वर्षाच्या शेवटी ती वही पालकसभेत वाचून दाखवा.