पात्यावरचा मिशीवाला

गिरगावातल्या आमच्या चाळीत आजोबांचा जुना रेझर सापडला. पाती आणायला गेलो, तर दुकानदाराने चार कंपन्यांची पाकिटं समोर टाकली. कुठलं घ्यायचं? मित्रांनो, ही पंचाईत ज्याच्यामुळे झाली तो किंग कॅम्प जिलेट.

जन्म १८५५, अमेरिकेत. १८७१ मध्ये शिकागोच्या आगीत वडिलांचा धंदा जळाला आणि पोरगा फिरता विक्रेता झाला. बाटलीचं पत्र्याचं बूच शोधणाऱ्या विल्यम पेंटरने त्याला सुचवलं, की लोक वापरून फेकतील असं काहीतरी शोध. १८९५ साली एका सकाळी वस्तरा बोथट निघाला आणि डोक्यात पातं चमकलं! पण इतक्या पातळ पोलादाला धार टिकेल कशी? जाणकारांनी हात टेकले. शेवटी कोडं सोडवलं विल्यम निकरसन या इंजिनीअरने. १९०३ साली रेझर खपले फक्त ५१ आणि पाती १६८. पुढच्याच वर्षी रेझर ९० हजारांच्या वर! पाकिटावर जिलेटचा मिशीवाला चेहरा जगभर पोचला. मंदीत मात्र बराच पैसा बुडाला. १९३२ साली तो गेला.

पातं स्वस्त झालं, म्हणूनच आज आपल्याला चुकायची मुभा आहे. तेव्हा एकदम शंभराचं खोकं घेऊ नका. दोन-तीन कंपन्यांचं एकेक पाकीट आणा. रेझर, साबण, ब्रश तेच ठेवा, बदला फक्त पातं. लॅबमध्ये आपण हेच करतो ना? मित्राच्या गालाला मानवलेलं पातं आपल्याला मानवेलच असं नाही. आणि हो, रेझर दाबू नका. दाबलाच, तर तुरटी जवळ ठेवा!