सुताराचा पोरगा चेरापुंजीच्या डोंगरावर चढला अन् खासी भाषेला अक्षरं मिळाली

चेरापुंजी म्हटलं की शाळेतला भूगोल आठवतो. १८६०-६१ मध्ये तिथं सलग बारा महिन्यांत २६ हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस पडला, तो विक्रम आजही मोडलेला नाही. आपल्या महाबळेश्वरच्या वर्षभराच्या पावसाच्या चौपट धरा. तिथले खासी लोक मात्र गावाला सोहरा म्हणतात. याच सोहऱ्यात २२ जून १८४१ रोजी, ऐन पावसाळ्यात, वेल्समधला एक सुतार बायकोसह येऊन पोहोचला. थॉमस जोन्स त्याचं नाव. मेघालय सरकारनं २०१८ मध्ये २२ जून हा त्याच्या नावाचा दिवस म्हणून जाहीर केला. ज्या चर्चनं त्याला पाठवलं होतं, त्याच चर्चनं मात्र त्याला सहा वर्षांत काढून टाकलं होतं.

जोन्स यांचा जन्म १८१० चा. वेल्स हा ब्रिटनचाच भाग, पण भाषा वेगळी, वेल्श. वडील सुतार, पोरगाही त्यांच्याच हाताखाली तयार झाला. पुढं धर्मोपदेशक व्हायचं म्हणून बाला गावी शिकायला गेला. भारतात जायचं मनात होतं, पण लंडनच्या मिशनरी संस्थेनं तब्येतीचं कारण सांगून नकार दिला आणि आफ्रिकेकडं बोट दाखवलं. जोन्स हटले नाहीत. शेवटी वेल्श मेथडिस्ट मंडळींनी १८४० मध्ये स्वतःचीच परदेश मिशन संस्था काढली. तिचा पहिला माणूस म्हणून जोन्स नोव्हेंबर १८४० मध्ये लिव्हरपूलहून जहाजात बसले. एप्रिलमध्ये कलकत्ता, तिथून सिल्हटच्या सखल भागातून डोंगर चढून सोहरा.

डोंगर मोकळा नव्हता. कंपनी सरकारला आसाम ते सिल्हट रस्ता खासी डोंगरातून हवा होता, त्यावरून तिरोत सिंग या खासी राजानं १८२९ ते १८३३ अशी चार वर्षं लढाई दिली. तो हरला, कैदेत मेला, आणि सोहऱ्यात कंपनीचं ठाणं बसलं. त्या ठाण्याच्या आसऱ्यानंच मिशन तिथं आलं, हे विसरून चालणार नाही.

जोन्स यांच्या आधीही प्रयत्न झाले होते. श्रीरामपूरच्या मिशननं (हे बंगालमधलं श्रीरामपूर, आपलं नगरकडचं नव्हे) खासी भाषेत बायबलचा भाग छापला होता, पण बंगाली लिपीत. याच श्रीरामपूरच्या विल्यम केरी यांनी १८०५ मध्ये मराठीचं व्याकरणही काढलं होतं. मराठीला लिहिण्याची जुनी सवय होती, म्हणून ते चाललं. खासींची गोष्ट वेगळी. श्रीरामपूरचेच अलेक्झांडर लिश १८३२ पासून काही वर्षं सोहऱ्यात शाळा चालवत होते, तेही काम १८३८ मध्ये बंद पडलं.

लिपी नसल्याची खासींची स्वतःची एक दंतकथा आहे. देवानं एका खासी माणसाला आणि एका मैदानातल्या माणसाला पुस्तक दिलं. परतताना महापूर लागला. मैदानातल्यानं पुस्तक शेंडीला बांधलं, खासी माणसानं दातात धरलं. पोहता पोहता नाकातोंडात पाणी गेलं आणि पुस्तक गिळलं गेलं. तेव्हापासून खासींचं सगळं ज्ञान पोटात, म्हणजे तोंडपाठ.

जोन्स यांनी लिशच्या शाळेत थोडं शिकलेल्या दोन खासी तरुणांना हाताशी धरलं आणि आधी भाषा शिकून घेतली. मग बंगाली लिपी बाजूला ठेवून रोमन अक्षरं घेतली, तीही इंग्रजीच्या नाही, वेल्शच्या उच्चाराप्रमाणं. आजही खासी वर्णमालेत ए, बी नंतर सी येत नाही, के येतं. एन आणि जी मिळून एक वेगळं अक्षर धरतात, ते जीच्या पाठोपाठ येतं. वेल्शमध्येही ते असंच येतं. त्यांनी पहिलं वाचनपुस्तक तयार केलं, सोहरा, मॉसमाई आणि मॉम्लू इथं शाळा काढल्या, आणि मॅथ्यूचं शुभवर्तमान खासीत आणलं.

धर्मांतराचा हिशोब लावला तर मिशनच्या पदरात फार काही पडलं नव्हतं. पहिल्या दोन खासींचा बाप्तिस्मा झाला तो १८४६ मध्ये, म्हणजे पाच वर्षांनी. पण जोन्स यांचा हात पुस्तकापेक्षा हत्यारावर जास्त बसलेला. त्यांनी लोकांना सुतारकाम शिकवलं. चुनखडीच्या भट्टीत लाकूड जाळण्याऐवजी डोंगरातलाच दगडी कोळसा वापरायला शिकवलं. चुना हा तिथला मोठा धंदा होता, त्यामुळं ही गोष्ट थेट लोकांच्या खिशाशी जोडलेली होती.

१८४५ मध्ये पत्नी ॲन सोहऱ्यातच वारल्या. पुढच्या वर्षी जोन्स यांनी वयानं बऱ्याच लहान मुलीशी दुसरं लग्न केलं. शेती आणि व्यापारातही हात घातला. वेल्सच्या मंडळींना यातलं काहीच रुचलं नाही आणि १८४७ मध्ये संबंध तोडला गेला. यात जोन्स अगदी निर्दोष होते असं म्हणता येत नाही. पगार घ्यायचा मिशनचा आणि धंदा करायचा स्वतःचा, ही तक्रार कुठल्याही संस्थेनं केलीच असती.

पण खरी टक्कर पुढं होती. हॅरी इंग्लिस नावाच्या व्यापाऱ्याच्या मुठीत तिथला चुना आणि संत्री दोन्ही. त्याचे सासरे कर्नल लिस्टर हेच कंपनीचे तिथले अधिकारी. म्हणजे जाच व्यापाऱ्याचा आणि दाद मागायची त्याच्या सासऱ्याकडं! जोन्स यांनी खासींच्या बाजूनं सरकारकडं तक्रारी केल्या. चर्चचा आधार आता राहिला नव्हता. इंग्लिसनं असं मागं लावलं की त्यांना डोंगर सोडून पळावं लागलं. त्या पळापळीत हिवतापानं गाठलं आणि १६ सप्टेंबर १८४९ रोजी कलकत्त्यात ते गेले. वय अवघं ३९.

मिशन नंतर फोफावलं, शाळा वाढल्या, आज खासींमध्ये ख्रिस्ती मोठ्या संख्येनं आहेत. त्याचवेळी आपला जुना धर्म, नाच आणि रीतभात टिकवायला १६ खासी तरुणांनी १८९९ मध्ये सेंग खासी ही संघटना उभी केली, ती आजही जोमात आहे. दोन्ही बाजूंचे लोक खासी लिहितात ते मात्र त्याच अक्षरांत. इतकंच काय, खासींच्या अभिमानगीताची चालसुद्धा वेल्सच्या राष्ट्रगीताची आहे.

जोन्स यांची कबर कलकत्त्याच्या स्कॉटिश दफनभूमीत आहे, सोहऱ्यापासून शेकडो मैल दूर. खासी लोक तिथं जाऊन फुलं वाहतात.