दादासाहेब फाळके आणि माझं दुकान

चित्रकलेच्या तासाला रमणारा मी आज छपाईचा व्यवसाय करतो. दुकान टाकताना हिच्या पाटल्या गहाण ठेवल्या, तेव्हा दादासाहेब फाळके आठवले. जे. जे.मध्ये शिकलेल्या दादासाहेबांनी १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणला. पण सिनेमाला भांडवल कोण देणार? त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपून ती छोटी फिल्म दाखवली, तेव्हा पैसा उभा राहिला. सरस्वतीबाईंनी दागिने दिले, कच्च्या फिल्मला भोकंही पाडली. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत लागला आणि चालला. पुढे भागीदारांशी बिनसलं. १९४४ साली नाशिकला ते उपेक्षेतच गेले. म्हणून मी नमुना आधी दाखवतो, हिशेब रोज लिहितो. पाटल्या तिसऱ्या वर्षी सोडवल्या. गणिताच्या सरांना हे मुद्दाम कळवतो!