अपुरे राहिलेले चित्र
संत ब्रदर आल्बर्ट ख्मेलोव्स्की (१८४५–१९१६)



दरवर्षी १७ जूनला ख्रिस्तसभा एका लंगड्या चित्रकाराचा सण साजरा करते. पोलंडमध्ये त्याला लहानथोर सगळे ओळखतात. आपल्याकडे मात्र त्याचे नाव फारसे कानावर पडत नाही. मनाच्या आजाराविषयी आपण घरात कुजबुजत बोलतो, चर्चमध्ये तर बोलतच नाही. म्हणून या संताची ओळख आपण सर्वांनी करून घ्यावी असे वाटते. हा संत स्वतः त्या आजारातून गेला होता.

आदाम ख्मेलोव्स्की याचा जन्म २० ऑगस्ट १८४५ रोजी क्राकुव शहराजवळच्या इगोवोम्या या गावी झाला. चार भावंडांत तो थोरला. वडील तो लहान असतानाच गेले आणि १८५९ साली आईचेही छत्र हरपले. नातेवाइकांनी मुलांना सांभाळले. त्या काळी पोलंड हा स्वतंत्र देश उरला नव्हता. शेजारच्या तीन साम्राज्यांनी तो आपसात वाटून घेतला होता. १८६३ साली रशियाच्या झारविरुद्ध उठाव झाला तेव्हा शिकणारी मुले बंदुका घेऊन जंगलात गेली. आदामही गेला. ३० सप्टेंबर १८६३ रोजी मेवहुफ गावाजवळच्या चकमकीत त्याचा डावा पाय जबर जखमी झाला आणि तो कापावा लागला. तेव्हा त्याला अठरावे वर्ष पूर्ण होऊन जेमतेम महिना झाला होता.

नातेवाइकांच्या मदतीने तो देशाबाहेर पडला. पॅरिसमध्ये त्याला कृत्रिम पाय बसवण्यात आला. काही काळ तो बेल्जियममधील गेंट शहरात इंजिनियरिंग शिकला, पण त्याचे मन चित्रांत होते. अखेर १८७० साली त्याने जर्मनीतील म्युनिकच्या कला अकादमीत प्रवेश घेतला. तिथे त्याला पोलंडचे अनेक तरुण चित्रकार भेटले. त्यांच्यात तो सर्वांचा लाडका होता. तो गमत्या होता, दुसऱ्याच्या चित्रातले चांगले-वाईट त्याला नेमके दिसे आणि आपल्या अपंगत्वाचे त्याने कधी रडगाणे गायले नाही. १८७४ साली त्याचा जिवलग मित्र, चित्रकार माक्स ग्येरिम्स्की क्षयरोगाने वारला. तो घाव आदामच्या मनात खोलवर गेला.

पोलंडला परतल्यावर त्याचे नाव होऊ लागले. १८७६ साली त्याने कलेच्या स्वरूपावर एक लेख लिहिला. चित्राचे खरे मोल त्यातल्या कारागिरीत नसते, चित्रकाराचा आत्मा त्यात उतरतो यात ते असते, असे त्याचे म्हणणे होते. पण हे म्हटल्यावर एक प्रश्न त्याची पाठ सोडीना. जर चित्रात आत्मा उतरतो, तर तो आत्मा कोणाच्या सेवेत आहे? आपण देवासाठी रंगवतो, की कलेचीच देवासारखी पूजा करतो?

१८७९ च्या सुमारास त्याने एक चित्र रंगवायला घेतले. त्याचे लॅटिन नाव ‘एच्चे होमो’. पिलाताने काट्यांचा मुकुट घातलेल्या येशूला लोकांसमोर उभे केले, तो हा प्रसंग. येशूचे हात बांधलेले आहेत, हातात वेताची काठी आहे, खांद्यावर थट्टेने पांघरलेला लाल झगा आहे. पाहणाऱ्याला त्या झग्याच्या आकारात एक मोठे हृदय दिसते. चेहऱ्यावर राग नाही. मारून मारून थकलेल्या माणसाची शांतता आहे.

आदामने हे चित्र कितीदा तरी हाती घेतले आणि कितीदा तरी बाजूला ठेवले. ते पुरे होईना.

सप्टेंबर १८८० मध्ये त्याने मोठा निर्णय घेतला. पस्तिसाव्या वर्षी तो स्तारा व्येश येथे येशूसंघाच्या नवदीक्षितालयात दाखल झाला. व्रतस्थ होऊन आपण देवासाठीच चित्रे काढू, असे त्याला वाटत होते. पण काही महिन्यांतच त्याचे मन कोसळले. आपण महापापी आहोत, आपला नाश ठरलेला आहे, देव आपल्याला क्षमा करणारच नाही, अशा विचारांनी त्याला घेरले. झोप उडाली, बोलणे थांबले. पवित्र कम्युनियन घ्यायलाही आपण लायक नाही असे त्याला वाटू लागले. ज्या हातांनी येशूचा चेहरा रंगवला होता, त्या हातांना आता कुंचला धरवेना. एप्रिल १८८१ मध्ये त्याला नवदीक्षितालय सोडावे लागले. ल्वूव (आजच्या युक्रेनमधील ल्विव) शहराजवळच्या मनोरुग्णालयात त्याला ठेवण्यात आले. तिथे तो जानेवारी १८८२ पर्यंत होता.

इथे क्षणभर थांबू या. ज्याला आज आपण संत म्हणून वंदन करतो तो नऊ महिने मनोरुग्णालयात होता. त्याची श्रद्धा कमी पडली म्हणून तो आजारी झाला नाही. पाय जखमी होतो तसे मनही जखमी होते. ख्रिस्तसभेने त्याला संत म्हणून जाहीर केले तेव्हा त्याच्या आयुष्यातले हे पान फाडून टाकले नाही.

रुग्णालयातून धाकटा भाऊ स्तानिस्वाव त्याला आपल्या घरी, पोडोलिया भागात घेऊन गेला. भावाच्या घरी शेत होते, मोकळी हवा होती, माणसे होती. तरी आदाम गप्पच बसून राही. भावाने त्याला हाकलले नाही, उपदेशही केला नाही. असेच महिने गेले. १८८२ च्या ऑगस्टमध्ये एके दिवशी घरी आलेले धर्मगुरू देवाच्या दयेविषयी बोलत होते. ते शब्द आदामच्या कानावर पडले आणि आतले काहीतरी सुटले, असे सांगतात. तो उठला, धर्मगुरूंकडे गेला आणि त्याने पापनिवेदन केले. त्या दिवसापासून त्याच्या मनाला उभारी आली.

आणि त्याने पुन्हा कुंचला हाती घेतला. पण आता तो पूर्वीसारखा प्रदर्शनासाठी काम करणारा चित्रकार नव्हता. संत फ्रान्सिस असिसीकर यांच्या तिसऱ्या संघात, म्हणजे प्रापंचिक लोकांच्या संघात तो सामील झाला. तो गावोगावी हिंडू लागला. जुन्या देवळांतली काळवंडलेली चित्रे तो साफ करी, वाटेवरच्या पडझड झालेल्या क्रुसांची आणि छोट्या प्रार्थनास्थळांची डागडुजी करी. शेतकऱ्यांशी बोलत बोलत तो त्यांना संत फ्रान्सिसविषयी सांगे. ज्याचे स्वतःचे मन मोडले होते, तो मोडलेले क्रूस दुरुस्त करत फिरत होता. त्या कामात त्याची जखमही भरत गेली. रशियन अधिकाऱ्यांना मात्र त्याचे हे फिरणे खपले नाही. त्याला तो भाग सोडावा लागला आणि १८८४ साली तो क्राकुवला आला.

क्राकुवमध्ये तो चित्रे विकून मिळालेले पैसे गरिबांना देई. बेघर माणसांना आपल्याच खोलीत आणून निजवी. त्या शहरात नगरपालिकेचे एक उबाऱ्याचे घर होते. कडक हिवाळ्यात बेघर लोक रात्रीपुरते तिथे आसऱ्याला येत. घाण, उवा, दारू, मारामारी यांनी ती जागा भरलेली असे. पहिल्यांदा तिथे पाऊल टाकल्यावर आदाम हादरून गेला. चित्रात जो चेहरा त्याला पुरा करता येत नव्हता, तो त्याला इथे दिसला. इथला ख्रिस्त रंगवून भागणार नव्हते. त्याच्याशेजारी जाऊन राहायला हवे होते.

२५ ऑगस्ट १८८७ रोजी त्याने खरखरीत करड्या रंगाचा झगा अंगावर चढवला आणि आदामचे ब्रदर आल्बर्ट झाले. पुढच्या वर्षी त्यांनी व्रते घेतली आणि ते उबाऱ्याचे घर चालवायला घेतले. ते तिथे नुसते जाऊन येत नसत, बेघरांबरोबरच राहत. तिथे त्यांनी स्वच्छता आणली, जेवण सुरू केले आणि माणसांना हाताला काम दिले. भाकरी जशी टेबलावर असते आणि भुकेला कोणीही ती तोडून घेतो, तसे माणसाने चांगले असावे, अशी त्यांची शिकवण होती. त्यांच्या मागे ब्रदर्सचा संघ उभा राहिला. १८९१ साली धर्मभगिनींचा संघही सुरू झाला. साधा कृत्रिम पाय ओढत ते एका शहरातून दुसऱ्या शहरात जात आणि नवी आश्रयस्थाने उघडत.

मग त्या चित्राचे काय झाले? ग्रीक कॅथलिक आर्चबिशप आंद्रेय शेप्तित्स्की यांना ते फार आवडले होते. ब्रदर आल्बर्ट यांनी ते त्यांना देऊन टाकले. तोपर्यंतही ते मनासारखे पुरे झालेले नव्हते. अनेक वर्षे ते ल्वूवमध्ये राहिले आणि १९७८ साली क्राकुवला परत आले. आज तिथल्या आल्बर्टाईन भगिनींच्या चर्चमध्ये लोक त्या अपुऱ्या चित्रासमोर गुडघे टेकतात.

१९१६ सालच्या नाताळच्या दिवशी क्राकुवच्या आश्रयस्थानात, गरिबांच्या सोबतीत ब्रदर आल्बर्ट प्रभुघरी गेले. पुढे नाटकाच्या वेडाने भारलेल्या एका पोलिश तरुणाने रंगभूमी सोडून धर्मगुरू होताना त्यांच्या जीवनापासून बळ घेतले आणि त्यांच्यावर एक नाटकही लिहिले. तो तरुण म्हणजे पोप जॉन पॉल दुसरे. त्यांनीच २२ जून १९८३ रोजी क्राकुव येथे ब्रदर आल्बर्ट यांना धन्यवादित आणि १२ नोव्हेंबर १९८९ रोजी रोम येथे संत म्हणून घोषित केले.

बंधुभगिनींनो, चित्र काढले की दुःख पळून जाते, असे या संताचे जीवन सांगत नाही. त्यांना औषधोपचार लागले, भावाचे घर लागले, धर्मगुरूंचे दयेचे शब्द लागले, पापनिवेदनाचा संस्कार लागला. पण मन सावरू लागल्यावर हातांना देवाचे काम मिळाले आणि त्या कामाने त्यांना पुन्हा माणसांत आणले.

आपल्या धर्मग्रामातही अशी माणसे असतील. कोणी पती गमावला असेल, कोणाचे मूल गेले असेल, कोणी कारण नसताना महिनोन्‌महिने गप्प असेल. त्यांना डॉक्टरांकडे न्यायला लाजू नका. त्यांना घरात जागा द्या, स्तानिस्वावने दिली तशी. आणि हळूच त्यांच्या हाती काही काम द्या. वेदीवरच्या वस्त्राचे भरतकाम असेल, नाताळच्या गोठ्याची रंगरंगोटी असेल, नाहीतर वाटेवरच्या आपल्या क्रुसाला चुना लावणे असेल. ते सुबक झाले नाही तरी चालेल. अर्धवट राहिले तरी चालेल. प्रभू येशूने एका संताकडूनही अपुरेच चित्र स्वीकारले.

हे दयाळू प्रभो, ज्यांच्या मनात आज अंधार आहे त्यांच्याजवळ राहा आणि आम्हांला त्यांच्याजवळ राहायला शिकव. संत ब्रदर आल्बर्ट, आमच्यासाठी विनंती कर. आमेन.